थोरल्यावर वळलेली कडी

माळावरच्या धोक्याच्या लाल पाट्या तुम्ही उपटल्यात. दुसऱ्या कुणी नाही, तुम्ही. युद्ध संपल्यावर तोफा परत नेल्यात, झेंडे नेलेत, एकमेकांच्या छातीवर पदकं लावलीत, आणि जमिनीत रुतलेले, न फुटलेले गोळे तेवढे आमच्यासाठी ठेवलेत. वर त्याच माळाचे प्लॉट पाडून विकलेत. त्यातल्या एका प्लॉटवर एका लोहाराने दुकान बांधलं. त्याच्या नातीची ही गोष्ट. ती आज जिवंत आहे यात तुमचा काडीचाही वाटा नाही. ज्यांचा आहे त्यांचे उपकार मानायला ही लिहिली आहे.

पाया खणताना आजोबांना एक लोखंडी नळकांडं सापडलं. मांडीएवढं जाड, दोघांनी उचलावं असं जड, एका टोकाला निमुळतं. आजोबांना वाटलं, कुठल्या तरी यंत्राचा रूळ असेल. निमुळतं टोक खाली करून त्यांनी ते लाकडाच्या ओंडक्यात ठोकून बसवलं. फाटकाच्या खांबाला जे लोखंडी कडं लागतं, ते वळवायला त्याची गोलाई नामी होती. तापवून लाल केलेली पट्टी त्याच्याभोवती लपेटायची आणि हाणायचं. नातवंडांच्या आधी घरात आलेला, म्हणून त्याचं नाव पडलं थोरला. "ही पट्टी थोरल्यावर घे," असं बापलेक एकमेकांना सांगायचे. आजोबा गेले, बाबा थकले, नात हातोडा चालवू लागली. वस्तीतल्या निम्म्या फाटकांची कडी थोरल्यावर वळलेली.

त्या दुपारी भट्टी पेटलेली होती. तिने चिमट्यात लालबुंद पट्टी धरली, हातोडा उचलला, आणि दारातून आवाज आला.

"पोरी, घाव घालू नकोस."

मोडकं कडं घेऊन सुरुंगकाका उभे होते; दुकानात ते पहिल्यांदाच आले होते. सैन्यात त्यांनी सुरुंग काढण्याचं काम केलेलं, म्हणून गल्लीने ठेवलेलं हे नाव. डाव्या हाताला तीनच बोटं. बाकीची कुठे गेली असं पोरांनी विचारलं की म्हणायचे, "पुढे गेलीत, जागा धरायला."

"काका, पट्टी गार होईल ना."

"होऊ दे. हातोडा खाली ठेव. टाकू नकोस. ठेव."

तिने ठेवला. काका गुडघ्यांवर बसले, थोरल्याच्या ओंडक्यात रुतलेल्या टोकाकडे बघितलं, हात मात्र लावला नाही.

"तोफेचा गोळा आहे हा. न फुटलेला. आणि तुम्ही त्याला नाकावर उभा केलाय. गोळा फोडणारी कळ नाकातच असते."

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेले बाबा खो-खो हसले. "अहो, लग्नाआधीपासून हाणतोय मी त्याला! फुटायचा असता तर आमच्या सासूबाईंच्या आवाजानेच फुटला असता."

काका हसले नाहीत. "म्हातारपणी माणूस जसा चिडका होतो, तसंच यांचंही असतं. आज रुसेल, उद्या रुसेल."

तिने कचेरीत फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "आधी लेखी अर्ज घेऊन या."

"गोळाच घेऊन येते, चालेल?" ती ओरडली. मग कुठे गोळे निकामी करणारं पथक निघालं.

भट्टीवर पाणी मारायचं नाही, विटा तडकून तुकडे उडतील, असं काकांनी सांगितलं. तिने एकेक निखारा चिमट्याने उचलून मागच्या अंगणात नेला. गल्ली रिकामी केली. परत येऊन बघते तर बाबा तिथेच, स्टुलावर, हाताची घडी घालून.

"बाबा, चला."

"माझ्या बापाने काढलेली वस्तू आहे. ती इथे, मी इथे."

ती रडली, पाया पडली, हात धरून ओढलं. म्हातारा ढिम्म. तेव्हा काकांनी दुसरं स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी, थोरल्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, बसले.

"तुम्ही कशाला बसताय?" बाबा खेकसले.

"माझं कडं कुठे झालंय अजून?"

"मराल की हो!"

"तुम्ही उठत नाही, मग मी तरी काय करू?"

बाबांनी त्यांच्या तीन बोटांकडे पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदा ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून उठले.

पथकाने थोरल्याला वाळूत निजवून गाडीतून दूरच्या खाणीत नेलं. संध्याकाळी धडाड्‌ आवाज झाला. खिडक्या थरथरल्या. फाटकं हलली, पण एकही कडं सुटलं नाही.

"गेला थोरला," बाबा म्हणाले आणि बाहीने डोळे पुसले.

काका हलक्या आवाजात म्हणाले, "या माळावर लाल पाट्या आम्हीच ठोकल्या होत्या. मग हुकूम आला, पाट्या काढा, जमीन विकायची आहे. आम्ही म्हटलं, अजून साफ झालेली नाही. ते म्हणाले, पाट्यांचं तेवढं बोला."

"आणि तरी तुम्ही इथेच घर घेतलंत?" तिने विचारलं.

"म्हणूनच घेतलं. कधी काही निघालंच, तर ओळखणारं कुणी तरी हवं ना."

वाकून तिने त्यांच्या पायांना हात लावला. "अगं, उठ," ते म्हणाले, "कंबर तुझी धरेल, माझं कडं राहील."

दुसऱ्या दिवशी तिने पहिलं काम त्यांचंच केलं, साध्या पाइपवर. थोरल्याइतकी गोलाई काही साधली नाही. हाणता हाणता तिच्या मनात आलं, तो गोळा ज्या कारखान्यात भरला, तिथे कुणाचा तरी हात चुकला असणार, म्हणूनच तो फुटला नाही. शत्रूचा की आपला, काय ठाऊक. कळ वाकडी बसली असेल, डोळा लागला असेल, घरी लेकरू आजारी असेल. वाकड्या कामाला तिने जन्मभर शिव्या दिल्या होत्या. त्या वाकड्या कामाला आज तिने मनातल्या मनात हात जोडले.

कडं घेऊन ती निघतेय तोच तुमचा शिपाई नोटीस घेऊन आला. विनापरवाना स्फोटक बाळगल्याबद्दल खुलासा करा म्हणे!

ती तशीच, राखेच्या हातांनी, तुमच्या कचेरीत शिरली. आधी काकांचं कडं टेबलावर ठेवलं, मग नोटीस.

"आमचा खुलासा एवढाच, साहेब. आम्हाला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. पाट्या काढायला कुणी सांगितलं? आणि बाकीचे गोळे कुणाकुणाच्या घराखाली आहेत? बोला. मी इथून हलणार नाही."