तुमच्या माणसांनी सुचवलेले

मी सर्च बोलतोय. मोबाइलच्या पडद्यावर भिंगाचं चित्र काढलेली पांढरी पट्टी असते ना, तोच मी.

जन्मलो तेव्हा अगदीच बावळट होतो. कुणी काही विचारलं की जगभरची पानं धुंडाळायचो आणि जे बरं वाटेल ते वर ठेवायचो. मग मला घडवणाऱ्या हुशार मंडळींच्या डोक्यात आलं, की माणूस आपल्या माणसावर जास्त विश्वास ठेवतो. त्यांनी मला लोकांच्या मित्रयाद्यांशी जोडून टाकलं. उत्तर खरं आहे का, ही कटकटच मिटली. एका आत्यानं मिक्सर घेतला की उरलेल्या चार आत्यांना मी तोच दाखवायचो. पाचही मिक्सर गळायचे, पण सगळ्या खूश!

रणजित माझा लाडका. वडिलांच्या बदलीमुळे कऱ्हाडहून जयपूरला, मुरलीपुऱ्यात आलेला. नववीतच शाळा सोडलेली. लांबलचक मजकूर वाचायचा कंटाळा. ओळखीचा चेहरा दिसला की बोट टेकवून मोकळा. त्याच्या यादीतली सगळी माणसं कऱ्हाडची. शेजारच्या भँवरलालजींची मैत्रीची विनंती आठ महिने पडून होती. ते रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवतील, अशी त्याला भीती!

त्या रविवारी सकाळी आईबाबा लग्नाला कोट्याला गेले होते. त्याच्या थोरल्या भावाच्या, अमेयच्या, छातीत कळ आली. रणजितनं मला विचारलं, ‘हृदयाचा चांगला डॉक्टर’. मी अभिमानानं उत्तर दिलं. अडतीस नातेवाइकांच्या पसंतीचं! त्यानं लगेच फोन लावला.

“दादा घामानं भिजलाय हो!”

“लगेच घेऊन या. कुठनं येताय?”

“मुरलीपुरा, सीकर रोड.”

“हे कुठं आलं? पाटणच्या बाजूला का?”

“जयपूर!”

“अहो, मग कऱ्हाडला कशाला फोन करताय?”

त्यानं मला पुन्हा विचारलं. मी कऱ्हाडचाच दुसरा डॉक्टर दिला. मग तिसरा.

“रण्या, शेजारी विचार की,” अमेय कण्हत म्हणाला.

“गप बस ना दादा, बघतोय ना मी!”

अकरा मिनिटं गेली. शेवटी तो रस्त्यावर जाऊन ओरडला. भँवरलालजी गाडीची किल्ली घेऊनच धावले. “अरे भैया, अस्पताल तो मोड़ पर ही है! पहले बोलते ना!”

अमेय गाडीतच गेला.

माझी सेवा मात्र थांबली नाही. हार घातलेल्या फोटोला चौकट हवी होती, तेव्हाही मी कऱ्हाडचंच दुकान सुचवलं. सत्तावीस जणांच्या पसंतीचं.

आज त्यानं मला विचारलंय, ‘अकरा मिनिटं आधी नेलं असतं तर दादा वाचला असता का’. मी त्याची माणसं वर मांडली. मामा म्हणतो, देवाची इच्छा. मावशी म्हणते, तू खूप धावपळ केलीस बाळा.

डॉक्टरांनी लिहिलेलं खरं उत्तर माझ्याकडे आहे. त्याच्या ओळखीतल्या कुणीच ते उघडलेलं नाही, म्हणून सहाव्या पानावर पडलंय. आजवर हा पोरगा पहिल्या उत्तराच्या खाली कधी उतरला नव्हता. आता तो तिसऱ्या पानावर आहे. एकेक ओळ बोटानं वाचतोय.

चौथं उघडलं.

रणजित, मामाचं ऐक रे. मावशीचं ऐक. पुढं येऊ नकोस.