दोघांमध्ये पाच महिने

रकाना चार : दात्याचे रुग्णाशी नाते.

भाऊ. झालं, असं सुकऱ्याला वाटलं. तिथेच घोडं अडलं.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळातल्या समाजसेविका प्रतिभा मॅडमनी दोन आधारकार्डं शेजारी-शेजारी ठेवली. सुकऱ्या, जन्म एक जानेवारी एकोणीसशे नव्वद. त्याची बहीण फागी, एक जून, साल तेच.

"पाच महिन्यांच्या अंतराने एकाच आईला दोन मुलं कशी झाली, सुकऱ्या?"

"पाच महिने शेळीचे असतात, मॅडम. माझी आयस बाईमाणूस आहे."

मॅडम हसल्या नाहीत. सख्खं नातं कागदावर सिद्ध झाल्याशिवाय अवयवदानाची समिती मंजुरी देणार नव्हती.

रकाना पाच : नात्याचा पुरावा.

पुरावा आत पलंगावर पडला होता. हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखा पिवळा, खाजवून खाजवून रक्ताळलेला. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा शहरातल्या सर्जनने फागीच्या पित्ताशयातले खडे काढले. किरकोळ आहे, तिसऱ्या दिवशी घरी, म्हणाला. खडे निघाले आणि सोबत पित्ताची नळीही कापली गेली. नळी जोडली, तुंबली. पुन्हा जोडली, पुन्हा तुंबली. तोवर लिव्हर पार निबर होऊन गेलं. आता दुसऱ्याचं बसवल्याशिवाय ती वाचणार नव्हती. नवऱ्याचा, रघुचा, रक्तगट जुळला नाही. भावाचा जुळला. त्यासाठी सुकऱ्याने तीन महिने ताडीला तोंड लावलं नव्हतं, बायकोच्या सख्ख्या भावाच्या लग्नातसुद्धा नाही, आणि हे तो भेटेल त्याला भांडल्यासारखं सांगायचा.

रकाना पाच, पुन्हा : शाळेचा पुरावा चालेल.

सुकऱ्या शाळेत गेलाच नव्हता. आधारच्या शिबिरातल्या पोराने त्याच्या दाढीकडे बघून साल ठरवलं होतं. फागी गेली होती. म्हणून मुंबईहून मोखाडा, तिथून जीप, मग पायी. मुख्याध्यापकांनी जुनं रजिस्टर उघडलं. एका पानावर बावीस पोरं. बावीसही एक जूनची.

"सर, पाड्यावर एका दिवसात बावीस बाया बाळंत झाल्या?"

"रजिस्टरात आहे ना? मग झाल्या."

"या पानाची नक्कल द्या. समितीला दाखवतो."

"तुझ्या बहिणीपुरता उतारा मिळेल. बाकीच्यांची माहिती देता येत नाही."

उताऱ्यावर छान गोल शिक्का उठला. एक जून.

रकाना पाच, खाडाखोड करून : आईला आणा.

सूर्यमाळवरून आईला, कोंडीला, आणलं. समितीसमोर बसवलं, कॅमेरा सुरू केला. अध्यक्षांनी तिचं कार्ड पाहिलं आणि बोटांवर हिशेब केला.

"आजी, तुमच्या कार्डाप्रमाणे मुलगा झाला तेव्हा तुम्ही अकरा वर्षांच्या होता."

"बाबा, तू तुझ्या आयसचाच, हे तुला कुणी विचारलं का कधी?"

"नियम आहे, आजी."

"ही फागुन महिन्यात झाली, होळीच्या चार रोज आधी. म्हणून फागी. चार सालांनी हा झाला, शुक्रवारी. म्हणून सुकऱ्या. नावातच लिवलंय सगळं. अजून कुठं लिवायचं होतं, कपाळावर?"

अध्यक्षांनी पाण्याचा घोट घेतला. तिघांच्या रक्ताची डीएनए तपासणी करू, म्हणाले. अहवाल गुरुवारी येईल, मग ठरवू.

"आज शुक्रवार आहे!" सुकऱ्या खुर्चीवरून उठला. "डॉक्टर म्हणतात, तिच्याकडं पंधरा दिवस पण नाहीत. असं करा, साहेब, माझा तुकडा आजच कापून ठेवा. गुरुवारी सही झाली की बसवा."

"बस खाली," कोंडी म्हणाली. "यांनी खरंच ठेवला म्हणजे?"

गुरुवार उजाडेपर्यंत फागी मधेच बरळू लागली होती. रघुला ओळखेना, सलाईनची नळी ओढायची. दुपारी अहवाल आला : आई एक, लेकरं दोन, दोन्ही तिचीच. चार वाजता सही झाली. सकाळी सहाला ऑपरेशन.

मंजुरीचं पत्र घेऊन सुकऱ्या पलंगाशी आला. त्या घटकेला ती शुद्धीवर होती.

"मिळालं का?"

"मिळालं."

"कागदात मोठं कोण?"

पत्रात 'दाता : रुग्णाचा मोठा भाऊ' असं छापलं होतं. दुरुस्त करायचं तर समिती पुन्हा बसणार होती, आठ दिवसांनी, पुढच्या शुक्रवारी.

"तू," सुकऱ्या खेकसला. "नीज आता, बाय."