दोनशे चाळीस पावलं

तिसऱ्या खड्ड्यातही काही लागलं नाही. अण्णारावांनी पहार मातीत उभी केली, कपाळावरचा घाम निपटला आणि खड्ड्यात वाकलेल्या बुद्धप्रियाला म्हणाले,

"बाई, आता काय पाताळात शिरू का?"

बुद्धप्रिया मुठीतली माती चाळत राहिली. तिला कोळशाचा एक तुकडा हवा होता. हरभऱ्याएवढा असता तरी तिचं भागलं असतं.

नांदेडच्या कॉलेजात ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. पर्यावरणाचा इतिहास हा विषय घेतला, तेव्हा आईला वाटलं होतं, पोरगी आता गावभर झाडं लावत फिरणार. ती फिरली, पण नसलेल्या झाडांमागं. देवणीच्या पुढं तिचं गाव. गावाच्या मावळतीला नुसतं माळरान, कुसळं आणि दगड. या माळावर एकेकाळी धावड्याचं दाट रान होतं, असं तिचे आजोबा लिंबाजी सांगायचे. तिनं तसं प्रकल्पात लिहिलं. मंजुश्री मॅडमनी त्यावर लाल पेनानं एकच शब्द लिहिला, 'ऐकीव'. तो शब्द तिच्या फार जिव्हारी लागला. आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेलं रान ऐकीव कसं?

आधाराला एकच गोष्ट उरली होती. शिवेचा दगड पुरताना त्याखाली त्याच रानातला टोपलीभर कोळसा टाकायची इथली रीत होती. दगड कुणी हलवला तरी जागा सापडावी म्हणून. कोळसा कोणत्या झाडाचा, ते प्रयोगशाळेत कळतं, असं मॅडमच म्हणाल्या होत्या. प्रकल्प सोमवारी द्यायचा होता.

"आमच्या आजोबाच्या काळापासून हा माळच हाय," अण्णाराव म्हणाले. त्यांचं घराणं पाटलांचं आणि हे शेतही त्यांचंच. स्वतः पहार घेऊन आले होते, म्हणजे माणूस वाईट नव्हता. "लिंबाजीबाबा, वय झालं तुमचं. आकडा चुकला असंल."

बांधावर बसलेल्या लिंबाजींनी मान हलवली. ब्याऐंशी वर्षांचं वय, पांढरा सदरा, पायात पॉलिश केलेले काळे बूट. उदगीरच्या एस.टी. डेपोत त्यांनी मेकॅनिक म्हणून नोकरी केली होती आणि सैल नट त्यांना अजून आवाजावरून ओळखू यायचा.

"आकडा चुकायचा न्हाई," ते म्हणाले. "हिरीपासून मावळतीला दोनशे चाळीस पावलं, तिथं दगड. बाप मोठ्यानं मोजायचा, म्या मागून."

शिवेची राखण हे त्यांच्या घराकडं आलेलं गावकीचं काम. पाहणीला साहेब आला की बाप पुढं अनवाणी, मागं घोड्यावर साहेब आणि पाटील. छप्पन सालानंतर घरानं दीक्षा घेतली आणि बापानं ते काम टाकलं. तेव्हापासून लिंबाजी या वाटेला फिरकले नव्हते. नात म्हणाली, "आबा, तुमचं नाव घालून लिहिणार," तेव्हा कुठं त्यांनी बूट काढून पुसले. नात उंचीला थेट त्यांच्या बापावर गेली होती, म्हणून पावलं तिला टाकायला लावली होती.

"प्रिया, पुन्हा एकदा चाल बरं."

ती विहिरीपर्यंत गेली आणि मोजत परत आली, ताठ मानेनं, हात मोकळे सोडून. लिंबाजी तिच्याकडं बघतच राहिले. पोरीचं चालणं बघून त्यांचा ऊर भरून आला आणि त्या भरातच त्यांना चूक सापडली.

"तुझी पावलं लांब पडायलीत," ते म्हणाले.

"पणजोबांची उंची एवढीच होती ना?"

"उंची हीच. पर त्याच्या डोक्यावर घोड्यांच्या चाऱ्याचा भारा असायचा. तुझं डोकं मोकळं हाय."

मग बुद्धप्रिया शेजारच्या कडब्याच्या गंजीकडं गेली आणि एक भारा उचलायला वाकली. लिंबाजींची काठी आडवी आली.

"तू न्हाई."

"आबा, त्याशिवाय माप कसं मिळंल?"

"माप तर घ्यायलाच पायजे. पर आपल्या घरातलं कुणी न्हाई उचलायचं."

अण्णारावांनी खांद्यावरचा पंचा काढला, पिळून त्याची चुंबळ केली आणि भारा डोक्यावर घेतला.

"माझी उंची बी तेवढीच हाय," ते म्हणाले. "अन् गुरांला रोज म्याच टाकतो की."

विहिरीपासून ते निघाले. मागून लिंबाजी काठी टेकत, मोठ्यानं मोजत चालले. बापासारखाच दर दहाला आवाज चढत होता. दोनशे चाळीसला अण्णाराव थांबले. खड्डे तिथून चांगली वीस पावलं पुढं राहिले होते.

बुद्धप्रियानं पहार घेतली. चौथ्या घावाला दगड लागला. बाजूची माती उकरून तिनं कोपरापर्यंत हात आत घातला. बाहेर आलेली मूठ काळी होती.

तशाच काळ्या हातानं तिनं वही उघडली आणि लिहिलं: 'आधार: लिंबाजी सटवाजी कांबळे. पाऊल हे माप डोक्यावर ओझं असलेल्या माणसाचं धरावं.' मग तिनं ते वाचून दाखवलं. बापाचं नाव आलं तसे लिंबाजी काठीवर दोन्ही हात ठेवून सरळ उभे राहिले.

अण्णारावही ऐकत होते, खड्ड्याच्या कडेला, भारा डोक्यावर तसाच धरून. मान अवघडली होती, तरी हलले नव्हते.

लिंबाजींनी त्यांच्याकडं पाहिलं.

"ठेवा अण्णाराव, आता खाली," ते म्हणाले. "लई येळ झाला."