खाडीत सोडायची राहिलेली वडी

मी मेणाची वडी बोलतेय. बोटाच्या पेराएवढी आहे मी, आणि माझ्या पोटात वळ गावच्या दौलतच्या मूत्राशयाचा एक तुकडा आहे. नाक मुरडू नका, आधी ऐका.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात दौलतला लघवीतून रक्त जायला लागलं. त्याच्या शेतावर गोदाम उभं राहत होतं, दिवसभर हा उन्हात. “उन्हाळी लागलीय,” म्हणत दोन महिने धण्याचं पाणी पीत बसला. दुखत नव्हतं ना, मग कोण ऐकतो! शेवटी मुलीने, भाविकाने, हाताला धरून दवाखान्यात नेलं. दुर्बीण घालून गाठीचा तुकडा काढला, लॅबमध्ये तो मेणात बसवला, तो माझा जन्म. माझे कागदाहून पातळ काप काचेवर तपासले. कॅन्सर निघाला. सोमवारी मूत्राशय काढायचं ठरलं.

भाविकाला धीर धरवेना. काच घेऊन ती मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पेशी वेगळ्या वाटतात. ऑपरेशन थांबवा, मेणाचा ब्लॉक आणा.”

भाविकाने मला लॅबमधून आणून कपाटात ठेवलं. “बाबांच्या गाठीचा तुकडा आहे,” एवढंच आईला सांगितलं, आणि तिथेच चूक झाली. सकाळी आईने, सीताबाईने, मला हळदकुंकू लावलं, पदरात बांधलं आणि नारळ घेऊन खाडी गाठली.

मागून भाविका धापा टाकत आली. “आई, काय करतेस?”

“पाण्यात सोडतेय. दुखणं हाय ते, घरात कशाला?”

“दुखणं न्हाय, दुखण्याचा पत्ता हाय. तोच सोडलास तर डॉक्टर शोधणार कुठं?”

मेण काही बुडत नाही, पण ओहोटी लागली होती. वाहून गेले असते. सीताबाईने मला मुठीत घट्ट धरलं आणि तिथेच बसून रडली. नवऱ्याचा जीव मुठीत आहे हे तिला तेव्हा कळलं.

मुंबईत माझे नवे काप निघाले, त्यांना खास रंग दिले. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, “हा न्यूरोएंडोक्राइन जातीचा कॅन्सर. मूत्राशयात क्वचितच होतो, आणि फार वेगाने पसरतो. नुसतं कापून भागणार नाही. आधी केमो, मग रेडिएशन.”

दौलतचे केस गेले, तोंडाची चव गेली. जीभ मात्र तीच. “गोदामावर छप्पर आलं आन् माझं गेलं,” म्हणायचा. सीताबाई हसायची आणि मग मोरीत जाऊन डोळे पुसायची.

तीन वर्षं झाली. त्या वेळच्या तपासणीतही तो स्वच्छ निघाला. इस्पितळाच्या खिडकीवरच्या माणसाने विचारलं, ब्लॉक परत नेणार का? भाविकाने आईला डिवचलं, “काय गं, आता सोडायची खाडीत?”

“न्हाय. ऱ्हाऊ दे हितंच. परत बघाय लागली तर?”

तेव्हापासून मी इथल्या खणात पडून आहे. तुम्हाला एकच सांगणं, लघवीत लाल दिसलं तर उन्हाळी म्हणून धणे भिजवत बसू नका. दौलतच्या पोटातलं ते दुखणं आता माझ्याच पोटात आहे, आणि माझ्यात ते वाढत नाही.