एकेचाळीस पत्रांची पावती

मी एक ऑर्डनर आहे. म्हणजे जाड पुठ्ठ्याची, दोन लोखंडी कड्यांची फाइल. फळीवरून ओढून काढायला माझ्या पाठीवर बोट जाईल एवढं भोक आहे. जर्मनीत नवा आलेला माणूस पलंगाच्या आधी मला विकत घेतो. भाडेकरार, व्हिसा, विमा, त्याचं सगळं असणं माझ्या पोटात राहतं.

मैत्रीनं मला २००४ च्या हिवाळ्यात हायडेलबर्गला घेतलं. ती नागपूरची, राज्यघटनांवर पीएचडी करत होती. शेजारच्या खोलीत दावित राहायचा. दोघांचं स्वयंपाकघर एकच.

दावित एका लहानशा डोंगराळ मुलुखातला. आठ वर्षं जर्मनीत राहून कायदा शिकलेला. त्याच्या धाकट्या बहिणीला, साराला, तिथल्या लष्करी राजवटीनं घरातून उचलून नेलं होतं. तीन वर्षं तिचा पत्ता नव्हता.

वसंतात तिथली माणसं रस्त्यावर उतरली आणि राजवट कोसळली. मुलूख स्वतंत्र देश झाला. दावितला फोन आला, पहिलं सरकार बनतंय, ये. फोनवर तो सवयीनं जर्मनमध्येच नुसता "या, या, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी, म्हणत राहिला आणि त्याची भाजी करपली.

मैत्रीनं माझ्यातले आपले कागद काढून पिशवीत कोंबले. "हा घेऊन जा. सरकार काय सुट्या कागदांवर बनवणार?"

मग दोघांनी माझ्यात खात्याखात्याचे रंगीत पुठ्ठे लावले. मैत्री म्हणाली, आधी न्याय. दावित म्हणाला, आधी पाणी, तहानलेला माणूस कोर्टात कसा येईल? भांडण दोन दिवस चाललं. शेवटच्या लाल पुठ्ठ्यावर मात्र वाद झाला नाही. त्यावर लिहिलं होतं, 'हरवलेले'. त्यामागे एकेचाळीस पत्रं होती. हरवलेल्यांच्या आयांनी वर्षानुवर्षं दावितला पाठवलेली. कोणाला नेलं, कधी नेलं, नेणारा अधिकारी कोण, आणि खाली स्वतःचं नाव-पत्ता. पहिलं पत्र त्याच्या आईचं.

त्या दिवसांत मैत्रीचे बाबा, सुखदेव, नागपूरहून आले होते. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेले. चष्मा वर करून त्यांनी पत्रं पाहिली.

"याला सांग, आधी झेरॉक्स काढ. सरकारी खिडकीत ओरिजनल द्यायचं नसतं."

"बाबा, हे तुमचं कोर्ट नाही," मैत्री हसली. "इकडे ऑफिसात ओरिजिनालच दाखवतात. शिक्का मारतात, परत देतात."

"बाबा काय म्हणाले?" दावितनं विचारलं.

"काही नाही. शुभेच्छा देतायत."

बाबांनी मान हलवली आणि चहा ढवळत बसले.

मी विमानात दावितच्या मांडीवर होतो. खोटं कशाला बोलू, मलाही वाटत होतं की देश माझ्याच कड्यांत बसणार आहे.

राजधानीतल्या एका हॉटेलात सरकार बनत होतं. कोणाला कोणतं खातं, यावर रोज आवाज चढायचे. माझे रंगीत पुठ्ठे कोणी उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी दावितला सांगण्यात आलं, हरवलेल्यांची पत्रं गृहखात्यात द्या. तो खिडकीशी गेला. कारकुनानं पत्रं मोजली आणि पावतीवर शिक्का मारला. दावितचे डोळे भरून आले. "आमच्या देशात पावती मिळाली," असं तो भेटेल त्याला सांगत होता.

तिसऱ्या दिवशी मंत्र्यांची यादी लागली. गृहमंत्री झाला तो अधिकारी, ज्याचं नाव एकोणीस पत्रांत होतं. शेवटच्या आठवड्यात तो फौजेसकट क्रांतीच्या बाजूला आला होता. त्याच्याशिवाय सरकार टिकत नव्हतं म्हणे.

दावित खिडकीशी धावला. उत्तर मिळालं, "पत्रं वर गेली."

आठव्या दिवशी त्याच्या आईच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. शेजारी त्याच्याशी बोलेनात. पत्रं लिहिणाऱ्या आणखी किती दारांना कुलपं होती, ते मी मोजू शकलो नाही. दावितनं मोजली, पण मला सांगितलं नाही.

शरद ऋतूत तो हायडेलबर्गला परतला. मला त्याच स्वयंपाकघरात टेबलावर ठेवलं. बाबा केव्हाच नागपूरला गेले होते. मैत्रीनं मला उघडलं. पाणी रिकामं, न्याय रिकामा. लाल पुठ्ठ्यामागे एक पावती.

"मी कॉपी काढायला हवी होती," दावित म्हणाला. "मला सुचलंच नाही. तुझे बाबा त्या दिवशी पत्रं बघून काय सांगत होते?"

मैत्री खूप वेळ माझ्या कड्या उघडमीट करत राहिली.

"हेच," ती म्हणाली.

त्यानंतर त्या घरात दोघांचा स्वयंपाक वेगळ्या वेळी होऊ लागला.

आता मी दावितच्या फळीवर आहे. तो आठवून आठवून एकेक पत्र पुन्हा लिहितो. चौतीस आठवली. उरलेल्या सातांसाठी त्यानं सात कोरे कागद भोकं पाडून माझ्यात लावून ठेवलेत.

माझा पुठ्ठा आता कोपऱ्यांवर फुगलाय. एक दिवस कोणीतरी मला रद्दीत काढेल. खुशाल काढा. फक्त ते सात कागद कोरे आहेत असं समजून दुसरं काही त्यांच्यावर लिहू नका.