बाकावरची बडबड

एमेट कोलारने बुटाच्या टाचेने बेसबॉलच्या मैदानातल्या सेकंड बेसवरची माती झटकली आणि ग्लोव्ह पुढे धरला. समोर लांब, फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटमागे टोबिन श्रेडर डोळे मिटून उकिडवा बसला होता.

"घाई नको," चेंडू टाकायच्या मधल्या उंचवट्यावरून टोबिनचे वडील म्हणाले. "आधी सगळं मनात बघ. मी चेंडू टाकला, तू झेललास, उठलास, सेकंडवर फेकलास. दिसलं की डोळे उघड." मग ते मागे वळले. "आणि एमेट, तू तोंड बंद ठेव बरं का. फोनमध्ये सगळं ऐकू येतं. कॉलेजच्या कोचना तुझी मुक्ताफळं नकोत."

"मी कशाला बोलतोय, मिस्टर श्रेडर!"

तिपाईवरच्या फोनवर व्हिडिओ सुरू होता. सगळ्या फेकी सलग हव्या होत्या. मध्ये कापाकापी दिसली की कॉलेजवाले पुढचं बघतच नाहीत, असं मिस्टर श्रेडरना कुणीतरी सांगितलं होतं. टोबिनला कॉलेजच्या संघात जागा मिळणार का, ते या व्हिडिओवर ठरणार होतं. एमेटचा व्हिडिओ काढायचा प्रश्नच नव्हता.

खरं तर टोबिनसारखा एमेटही कॅचरच, होम प्लेटमागे बसून चेंडू झेलणारा. पण संघाला एका वेळी एकच कॅचर लागतो, आणि लिंकन शहरातून श्रेडर मंडळी या गावात राहायला आली त्या वर्षापासून एमेट बाकावर होता. बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या आणि मैदानाकडे बघून ओरडायचं, एवढंच काम. बाकीची पोरं समोरच्या संघाला चिडवत. एमेट टोबिनला चिडवायचा. लोक हसायचे, त्यांना ती दोस्तीतली थट्टा वाटायची. ती थट्टा नव्हती. टोबिनने नवा ग्लोव्ह आणला तरी एमेटच्या पोटात दुखायचं.

पहिली फेक डोक्यावरून थेट मागच्या गवतात गेली. दुसरी अलीकडेच आपटली. चेंडू आणायला धावताना एमेटला इतका आनंद झाला की त्याने कुंपणाकडे तोंड करून हसून घेतलं.

"मनात बघितलंस ना?" मिस्टर श्रेडरनी फोन बंद करत विचारलं.

"बघितलं."

"मग होतंय काय?"

टोबिनने मास्क काढला आणि चालत सेकंड बेसपर्यंत आला.

"तू गप्प का आहेस?"

"तुझ्या बापाने सांगितलंय म्हणून."

"जूनमध्ये तुला ताप आला होता ना, त्या मॅचलाही असंच झालं." टोबिन हळू आवाजात म्हणाला. "बाबा म्हणतात ते मला काही दिसत नाही रे. डोळे मिटले की तुझा आवाज येतो. डोकं फिरतं माझं, आणि हात आपोआप सुटतो. बोल ना काहीतरी."

ती मॅच एमेटला पक्की आठवत होती. टोबिनने घाण केली, हे ऐकल्यावर त्याने तापातही सूप पुन्हा मागून घेतलं होतं.

"आणि नाही बोललो तर?"

"तर नाही जमणार," टोबिन म्हणाला आणि परत गेला.

गप्प राहणं किती सोपं होतं! मोठ्या माणसाने सांगितलेलं ऐकलं, एवढंच. कुणी बोट दाखवू शकलं नसतं. फोन पुन्हा सुरू झाला. एमेटने ओठ घट्ट मिटले.

टोबिन जागेवर बसला आणि त्याने पुन्हा डोळे मिटले. ज्या जागेसाठी एमेट तीन वर्षं जळत होता, तिथे बसून हा झोपल्यासारखा डोळे मिटत होता. ते काही त्याला सहन झालं नाही.

"डोळे उघड, मूर्खा! ती जागा माझी होती, कळलं? झोपायला दिली नाही तुला!"

मिस्टर श्रेडर दचकले, पण चेंडू त्यांच्या हातातून सुटला होता. टोबिन उठला आणि पुढच्या क्षणी चेंडू एमेटच्या ग्लोव्हमध्ये फाडकन बसला. तळहात झणझणला.

"बापाने ग्लोव्ह दिला, हात कोण देणार?"

पुन्हा फाडकन. एमेटला आता थांबता येईना. मनात साठलेलं सगळं तो ओकत सुटला, आणि ग्लोव्ह त्याला जागचा हलवावाच लागला नाही.

"तू या गावात आलाच नसतास तर बरं झालं असतं!"

तो शेवटचा चेंडू.

"झकास!" मिस्टर श्रेडर फोनकडे धावले. "आवाज काढून टाकू आणि वर एखादं गाणं लावू. या पोराचं काही ऐकू येता कामा नये."

चेंडू गोळा करताना टोबिनने विचारलं, "शेवटचं बोललास, ते खरं होतं?"

"हो."

"वाटलंच. तोच सगळ्यात सरळ गेला." त्याने चेंडू बादलीत टाकला. "तिथे कॉलेजात कोण बोलेल रे मला?"

"असेल की कुणीतरी बाकावर," एमेट म्हणाला, आणि त्या न पाहिलेल्या पोराचाही त्याला हेवा वाटला.