एचडीआरमधला सोफा

माझ्या मेहुण्याने नवीन मॉनिटर घेतला आणि त्या दिवसापासून घरातले सगळे आंधळे झाले. म्हणजे त्याच्या मते. "भावोजी, तुम्ही आजवर जे पाहिलंत ते पाहिलंच नाहीत," असं तो समोरच्याच्या घशात घास अडकेपर्यंत सांगायचा. कारण त्याच्या मॉनिटरवर एचडीआर होतं. त्यात म्हणे उजेड जास्त उजळ, अंधार जास्त काळा. आणि मेहुणा जास्त शहाणा, हे माझं.

धंदा त्याचा फोटोंचा. फर्निचरची दुकानं त्याच्याकडून कॅटलॉग करून घेतात. त्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे सोफावाले. त्यांनी फोटो परत पाठवले होते. "माझा सोफा मरून रंगाचा आहे, तुम्ही टोमॅटो पाठवलाय." आज दुपारी ते स्वतः बघायला येणार होते. पुन्हा टोमॅटो निघाला तर काम समोरच्या स्टुडिओला, आणि मेहुण्याचं दुकान तर चालतंच त्या एका माणसावर. म्हणून बायकोने मला सकाळीच पिटाळलं. "जा, त्याचं कॉम्प्युटरचं बघा. आणि त्याची फिरकी घेऊ नका."

"मी कधी घेतो?" म्हणालो आणि निघालो.

स्टुडिओत पडदे ओढलेले. टेबलावर सोफ्याच्या कापडाचा तुकडा, आणि स्क्रीनवर राखेत लोळून आलेला सोफा. नुसता सोफाच नाही, फोल्डर, आयकॉन, सगळंच आजारातून उठल्यासारखं.

"हे असं फिकट का रे?"

"म्हणून तर रंग चढवतोय, कापडाशी जुळेपर्यंत," मेहुणा म्हणाला. माउस धरून तो रंगाची पट्टी उजवीकडे ओढत होता, अगदी जीव खाऊन.

टोमॅटोचं कूळ सापडलं. इथे स्क्रीन फिकी, म्हणून हा रंग ओततो. तोच फोटो गिऱ्हाइकाच्या फोनवर गेला की सोफा पेट घेतो.

मी डिस्प्लेची सेटिंग उघडली. एचडीआर चालू. मॉनिटरचा उजेड पाहिला, आधीच शेवटच्या टोकाला. गरीब बिचारा मॉनिटर. एचडीआरचा सिग्नल घेत होता, पण ते दाखवायला लागतो तेवढा उजेड त्याच्यात नव्हताच. हॉटेलच्या पाटीवर सगळं लिहिलेलं आणि आत विचारलं की फक्त चहा, तसं.

"हे बंद कर. साधे फोटो आहेत, साध्या मोडमध्ये बघ."

"एचडीआर बंद करायला एचडीआर घेतलंय का मी? सोफावाल्यांना सांगून बसलोय मी, एचडीआरवर काम करतो म्हणून. ड्रायव्हरचा प्रॉब्लेम असेल. नाहीतर केबलचा. तुम्ही ते बघा ना."

इथे बायकोला दिलेला शब्द संपला.

"केबलच वाटते," मी गंभीरपणे म्हणालो. "तू जरा चहा सांगून ये."

तो गेला. मी एचडीआर बंद केलं आणि टेबलाखाली शिरलो. तो परत आला तेव्हा मी केबलवर फुंकर मारत होतो. केबल लावून बाहेर आलो, हात झटकले. "आता हलवू नकोस. खरं एचडीआर आत्ता सुरू झालंय."

मेहुणा बघतच राहिला. आयकॉन तजेलदार, फोल्डर पिवळेधमक. आणि सोफा इतका लालभडक, की त्यावर बसायला अग्निशमन दलाची परवानगी लागावी.

"बघितलंत?" तो मलाच म्हणाला. "साध्या स्क्रीनवर ही चूक कळलीच नसती."

"छे, शक्यच नाही."

त्याने सगळ्या फोटोंतला चढवलेला रंग उतरवला, कापडाचा तुकडा शेजारी धरून. मरून आला. माझ्या फोनवर पाठवून पाहिला, तिथेही मरून.

दुपारी सोफावाले आले. संशयी चेहरा, खिशातून स्वतःचं कापड काढलं. स्क्रीनला लावलं, मग स्वतःच्या फोनवर फोटो मागवून त्यालाही लावलं. "हां. हा माझा सोफा."

इथे थांबायचं ना. पण मेहुणा कसला थांबतोय. "एचडीआरची कमाल आहे, साहेब."

"असं? मग बंद करून दाखवा की. फरक तरी कळू दे."

मेहुण्याने ऐटीत सेटिंग उघडली आणि गार पडला. एचडीआर बंदच. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पंखा किती सुंदर फिरतो ते बघत होतो.

हा माणूस मी समजतो तेवढा बावळट नाही, हे मला त्या क्षणी कळलं. तो अर्धा पाऊल सरकला, पोटाने स्क्रीनवरचा 'चालू-बंद'चा कोपरा झाकला आणि एचडीआर चालू केलं. सोफा राख.

"हे साधं," तो म्हणाला. मग बंद केलं. सोफा मरून. "आणि हे एचडीआर."

"जमीनअस्मानाचा फरक आहे हो," सोफावाले म्हणाले. "अख्खा कॅटलॉग याच्यावरच करा. आणि शोरूममध्ये मोठा स्क्रीन लावलाय, त्यावर सोफे असेच मेल्यासारखे दिसतात. तिथेही हे बसवून द्या."

"उद्याच बसवतो, साहेब."

ते गेले. मेहुणा खुर्चीत बसला. "तुम्ही बंद केलं होतंत."

"हो."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं. तू ड्रायव्हर म्हणालास."

तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. माझी बायको.

"हो ताई, पास झाले सगळे फोटो. एचडीआर बिघडलं होतं, मी नीट केलं." मग माझ्याकडे बघत, अगदी गोड आवाजात, "भावोजी ना? त्यांची काय मदत होणार, ताई. बसलेत आपले पंखा बघत."